नवीन रीफ टँकमध्ये चुकून काही पडलं तर? पाणी, पैसा आणि ग्राहक वाचवण्याची पद्धत



खाऱ्या पाण्याच्या टँकवरच्या आपल्या व्हिडिओत आपण काच, सँप, पंप आणि मीठ कालवण्यापर्यंतचं काम पाहिलं. आजचा धडा त्याच्या पुढचा आहे. टँक भरला, ग्राहक खूश आहे, ॲडव्हान्स मिळालाय, आणि तेवढ्यात पाण्यात काहीतरी पडतं. फिनेलचा बोळा, साबणाचं पाणी, मच्छरांचा स्प्रे, नाहीतर घरातल्या नातवाने कौतुकाने टाकलेलं नाणं. अशा वेळी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि ग्राहकाशी काय बोलायचं, हे आज शिकूया.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे ज्यांचं मत्स्यालयाचं दुकान किंवा मेंटेनन्सची सर्व्हिस आहे आणि आता गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्याकडे वळायचंय ते. दुसरे म्हणजे स्वतःच्या घरी पहिला रीफ टँक लावणारे. काम दोघांचं सारखंच आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या: सेटअपच्या वेळी झालेली चूक सर्वात स्वस्त असते

टँकमध्ये अजून जीव नाहीत, फक्त पाणी, वाळू आणि दगड आहेत, तेव्हा काही पडलं तर तुमचं काय जातं? पाणी, मीठ आणि एक-दोन दिवसांची मेहनत. हीच गोष्ट सहा महिन्यांनी झाली तर मासे, कोळंबी, गोगलगायी, सगळे जातात आणि ग्राहकही जातो. म्हणून जीव सोडण्याआधी शंका आली, तर "चालून जाईल" म्हणू नका. शंका दूर करायची ती आत्ताच.

आकडा बघा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे ९ घनफूट, सुमारे २५५ लिटर. दगड-वाळूची जागा आणि वरची मोकळी जागा वजा केली तर साधारण २०० लिटर पाणी धरा. मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पूर्ण टँकला साधारण साडेसात किलो. १०० गॅलनचा आरओ मेंब्रेन कागदावर दिवसाला सुमारे ३८० लिटर पाणी देतो, प्रत्यक्षात दाब आणि पाण्याचं तापमान यानुसार कमी. म्हणजे पूर्ण टँक रिकामा करून पुन्हा भरणं हे एका दिवसाचं काम आहे. त्रासदायक आहे, पण एका दिवसाचंच.

खाऱ्या पाण्यात एवढी भीती का?

गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला वाटतं, "थोडंसं पडलं तर काय होतंय?" फरक असा आहे की रीफ टँकमध्ये मासे कमी आणि बिनकण्याचे जीव जास्त असतात. कोळंबी, खेकडे, गोगलगायी, प्रवाळ. हे जीव तांब्याला फार नाजूक असतात.

माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषध देतात. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. मासा ते सोसतो, पण कोळंबी आणि प्रवाळासाठी तेवढं तांबं मारक ठरतं. आता गुणाकार करा: २०० लिटर गुणिले ०.२ म्हणजे ४० मिलिग्रॅम. अख्ख्या टँकला फक्त ४० मिलिग्रॅम विरघळलेलं तांबं पुरतं. चिमूटभर मिठाचं वजनसुद्धा याच्यापेक्षा जास्त भरतं!

दुसरा शत्रू म्हणजे मच्छर आणि झुरळांची औषधं. आपल्याकडच्या बहुतेक स्प्रे आणि लिक्विड मशीनमध्ये पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. माणसाला त्यांचा त्रास तुलनेने कमी, पण माशांना आणि कोळंबी-खेकड्यांना ती अतिशय विषारी. कारण सोपं आहे. कोळंबी ही कीटकांचीच लांबची नातेवाईक आहे.

घोटाळा येतो कुठून?

दहा ठिकाणं लिहून देतो. यादी मोबाईलमध्ये ठेवा आणि साइटवर गेल्यावर एकदा नजर फिरवा.

१. नळाचं पाणी. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. टाकीवरचा पितळी व्हॉल्व्ह आणि नळ यांतून तांबं आणि जस्त उतरू शकतं, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच.

२. बादली. काल फरशी पुसलेली बादली आज मीठ कालवायला घेतली की साबण आणि फिनेल आलंच.

३. हात. क्रीम, सॅनिटायझर, डबा खाल्ल्यानंतरचं तेल.

४. धातूचे क्लॅम्प, स्क्रू आणि तडा गेलेलं मॅग्नेट. खाऱ्या पाण्यात गंज लवकर धरतो.

५. चुकीचं सिलिकॉन. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. ते टँकला नको.

६. हवा. एअर पंप आणि स्किमर खोलीतलीच हवा ओढतात. अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, रंगाचा वास, सगळं पाण्यात.

७. पेस्ट कंट्रोल आणि मच्छरांचं मशीन.

८. चौपाटीवरची वाळू. त्यात तेलाचे अंश आणि सांडपाण्याची घाण असू शकते. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. दिसायला छान, टँकला नको. टँकसाठीची ॲरॅगोनाइट वाळूच वापरा.

९. जांभा किंवा बाहेरून उचललेला कुठलाही दगड. जांभ्याचा लाल रंग लोहामुळेच असतो.

१०. जुना, सेकंडहँड टँक. आधीच्या मालकाने त्यात तांब्याचं औषध वापरलं होतं का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

दगडाचा विषय निघालाय म्हणून एक सूचना. दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेला जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड कोणी "स्वस्तात देतो" म्हणाला तर हात जोडा आणि बाहेर पडा. धंदा कोरड्या, कायदेशीर, बिल असलेल्या मालावर उभा करा.

पहिली दहा मिनिटं: पाच कामं, याच क्रमाने

पहिलं काम, वीज बंद. टँकमध्ये हात घालण्याआधी प्लग काढा. रिटर्न पंप थांबला की पडलेली गोष्ट सँपमध्ये पसरत नाही. टँकमध्ये आधीच जीव असतील तर मात्र प्लग फक्त वस्तू काढण्यापुरताच काढा. हात बाहेर आला की पाणी हलतं ठेवणारा पंप लगेच सुरू करा, नाहीतर ऑक्सिजन कमी पडेल.

दुसरं काम, वस्तू बाहेर. नाणं, स्पंज, झाकण, जे काय असेल ते काढा. हाताऐवजी प्लास्टिकचा चिमटा वापरा.

तिसरं काम, लेबलचा फोटो. बाटली किंवा डबा असेल तर मागचं लेबल वाचता येईल असा फोटो काढा. "काहीतरी निळं होतं" यावरून कोणी मदत करू शकत नाही.

चौथं काम, नमुना. स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पाणी भरून तारीख-वेळ लिहा. पाणी बदलल्यावर पुरावा राहत नाही.

पाचवं काम, ग्राहकाला फोन. तो घरी नसेल तरी. याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

घाईघाईने कुठलंही "पाणी शुद्ध करणारं" औषध ओतू नका. एका अनोळखी गोष्टीत दुसरी मिसळली की तपास अवघड होतो.

आता ठरवा: चार गट

स्वतःला तीन प्रश्न विचारा. काय पडलं? विरघळलं की तसंच होतं? किती वेळ होतं? नाणं पडून दोन मिनिटांत काढलं, तर त्यातलं तांबं विरघळायला फारसा वेळच मिळाला नाही. तेच नाणं वाळूखाली महिनाभर राहिलं तर गोष्ट वेगळी.

गट एक, थोडक्यात सुटणारे. दोन-चार लिटर नळाचं पाणी चुकून गेलं, माशांचं खाणं सांडलं, धूळ पडली. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट असलेलं डीक्लोरिनेटर पाकिटावरच्या मापाने टाका. खाणं असेल तर सायफनने ओढून घ्या. बस.

गट दोन, वास आणि धुराचे. रूम फ्रेशनर, अगरबत्ती, शेजारच्या खोलीतला रंग. खिडक्या उघडा आणि खोली मोकळी होईपर्यंत एअर पंप बंद ठेवा. जीव असतील तर त्याची हवेची नळी खिडकीबाहेर सोडा. चांगलं ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, ते तीन-चार दिवसांनी बदला आणि अर्धं पाणी बदला. कार्बन असे सेंद्रिय पदार्थ चांगले धरतं. धातूंसाठी मात्र कार्बनवर विसंबू नका, त्यांना धातू धरणारं वेगळं रेझिन लागतं.

गट तीन, पूर्ण रिकामा करायचे. साबण, फिनेल, तेल, आणि "काय होतं माहीत नाही" असं सगळं. जीव नसलेल्या टँकमध्ये अर्धवट उपाय करत बसू नका.

गट चार, दगड-वाळूसकट टाकून द्यायचे. तांब्याचं औषध, कीटकनाशक, रॉकेल, ऑइल पेंट. दगड आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. आज पाण्याची टेस्ट चांगली येईल आणि दोन महिन्यांनी कोळंबी मरतील. तो दगड रीफ टँकमध्ये पुन्हा वापरू नका.

पाणी बदलण्याचा हिशोब: इथे बहुतेकजण फसतात

"चार वेळा पंचवीस टक्के बदललं, म्हणजे शंभर टक्के बदललं ना?" नाही!

प्रत्येक वेळी तुम्ही नवीन आणि जुनं मिसळलेलं पाणी काढता. हिशोब असा:

- २५ टक्के, चार वेळा: घाणीतला ३२ टक्के भाग शिल्लक.
- ५० टक्के, दोन वेळा: २५ टक्के शिल्लक.
- पूर्ण टँक एकदाच रिकामा: जवळजवळ काही नाही. फक्त दगड-वाळूत मुरलेलं आणि पाइपात राहिलेलं.

तिन्ही वेळा मीठ आणि पाणी तेवढंच लागलं. म्हणून टँकमध्ये जीव नसताना पूर्ण रिकामा करणं हाच परवडणारा मार्ग. जीव असतील तेव्हा मात्र हा मार्ग बंद होतो आणि थोडं-थोडं बदलत बसावं लागतं. सेटअपची चूक स्वस्त का, ते आता आकड्यात दिसलं.

रिकामा करतानाची एक युक्ती

तेल किंवा क्रीमचा तवंग असेल तर लगेच सायफन लावू नका. पाण्याची पातळी खाली जाताना तो तवंग प्रत्येक दगडाला आणि शेवटी वाळूला चिकटत जातो. आधी कोरे, बिनवासाचे टिश्यू पेपर पृष्ठभागावर अलगद पसरा आणि उचला. पाच-सहा वेळा करा. मगच पाणी काढा.

साबणाच्या बाबतीत काच, पंप आणि पाइप आरओच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. पंप स्वच्छ बादलीत अर्धा तास चालवा, पाणी फेका, पुन्हा चालवा. फेस येणं थांबलं की पुढे जा. गट तीनमधले दगड वाचवायचे असतील तर ते वेगळ्या डब्यात ताज्या खाऱ्या पाण्यात, कार्बन आणि पंप लावून दोन-तीन दिवस ठेवा आणि पाणी एकदा बदला.

आणि हो, ते खारं पाणी सोसायटीच्या झाडांना ओतू नका. झाडं मरतील आणि सेक्रेटरी तुम्हाला गेटवरच अडवतील. ते सरळ ड्रेनेजमध्ये सोडा.

टँक सुधारला हे कसं ओळखायचं?

स्किमर बघा. साबणाचा अंश असेल तर स्किमर वेड्यासारखा फेसाळतो, कप भरून वाहतो. तेल किंवा क्रीम असेल तर उलट, फेस बसूनच जातो.

अमोनिया टेस्ट करा. सायकल सुरू असेल आणि अमोनिया रोज उतरत असेल तर जिवाणू जिवंत आहेत. पण लक्षात ठेवा, जिवाणू जगले म्हणजे कोळंबी जगेलच असं नाही.

आर्टेमियाची टेस्ट करा. दोन बाटल्या घ्या. एकीत टँकचं पाणी, दुसरीत ताजं कालवलेलं खारं पाणी. दोन्हीत आर्टेमियाची अंडी फोडा आणि एक-दोन दिवस बघा. टँकच्या बाटलीत पिल्लं मेली आणि दुसरीत पोहत असतील, तर निकाल स्पष्ट आहे. दोन्हीत जगली तर अर्धा दिलासा. आर्टेमिया हा तगडा जीव आहे, त्याला जे चालतं ते प्रवाळाला चालेलच असं नाही. तांब्याची शंका असेल तर साध्या किटवर समाधान मानू नका, पाण्याचा नमुना धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा.

या सगळ्यातून पास झाल्यावरही एकदम सगळे जीव सोडू नका. आधी एक-दोन गोगलगायी. आठवडाभर त्या काचेवर फिरत, खात राहिल्या, मग पुढचा जीव.

आता धंद्याची बाजू: ग्राहकाशी काय बोलायचं?

इथेच चांगला कारागीर आणि चांगला उद्योजक वेगळे ओळखू येतात. समजा, ठाण्यातल्या एका घरी तुम्ही टँक भरून गेलात. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या मावशींनी काच पुसताना लिक्विडचा फवारा मारला आणि तो उघड्या टँकमध्ये गेला. तुम्ही पाहणीला आलात तर स्किमर वाहतोय. बोलणं असं होऊ द्या:

"काका, टँकच्या पाण्यात साबणासारखं काहीतरी गेलंय. टँकमध्ये अजून जीव नाहीत, त्यामुळे नुकसान पाण्या-मिठापुरतंच आहे. आज पाणी काढून उद्या पुन्हा भरतो. मासे ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा येतील. खर्चाचं आपण कोटेशनमधल्या कलमाप्रमाणे बघू."

बघा, यात "कोणी केलं?" हा प्रश्नच नाही. "काय गेलं आणि कधी गेलं?" एवढंच विचारा. मावशींना सगळ्यांसमोर बोलणी बसली, तर पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. लपवलेला एक तास टँकला जड जातो. त्यांना बाजूला घेऊन सांगा, "मावशी, काही पडलं तर लगेच या नंबरवर फोन करा, तुम्हाला कोणी रागावणार नाही." हे वाक्य घरमालकांसमोर, त्यांच्या संमतीने बोला.

तुमच्या माणसाच्या हातून झालं असेल तर तेही तेवढ्याच सरळपणे सांगा आणि खर्च तुमचा धरा. समजा मीठ, पाणी, कार्बन आणि दोन माणसांचा दिवस मिळून ६,००० रुपये गेले. तो ग्राहक वर्षभर मेंटेनन्स देणार असेल तर हे पैसे परत येतात. लपवलंत आणि महिन्याने जीव मेले, तर जीवही तुमच्या पैशाने आणि नावही तुमचंच खराब.

कोटेशनमध्ये एक कलम आजच घाला. नमुना देतो:

"टँक भरल्यापासून जीव सोडेपर्यंत पाण्यात बाह्य पदार्थ गेल्यास तातडीने कळवावे. आमच्या कर्मचाऱ्यांमुळे असे झाल्यास टँक पुन्हा भरण्याचा खर्च आमचा राहील. अन्य कारणाने झाल्यास साहित्य व मजुरी प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे आकारली जाईल. पाण्याची तपासणी समाधानकारक झाल्याशिवाय जीव सोडले जाणार नाहीत."

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. "पाहुणे येणार आहेत, शनिवारपर्यंत मासे पाहिजेत" असा आग्रह होतो तेव्हा हेच वाक्य तुम्हाला वाचवतं, आणि त्या माशांनाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दोन नवीन बादल्या घ्या. त्यांवर मार्करने "फक्त टँक" लिहा आणि त्या ग्राहकाच्या बाथरूममध्ये ठेवू नका.

२. एक पेटी तयार करा: कार्बन, डीक्लोरिनेटर, टिश्यू, प्लास्टिकचा चिमटा, नमुन्याच्या दोन बाटल्या, हातमोजे आणि एका पूर्ण टँकला पुरेल एवढं मीठ. मीठ संपल्यावर आणू, असं चालणार नाही.

३. ग्राहकासाठी अर्ध्या पानाची मराठी सूचना छापा: टँकच्या खोलीत स्प्रे नको, मच्छरांचं मशीन नको, पेस्ट कंट्रोल आणि रंगकामाआधी दोन दिवस कळवा, काही पडलं तर आधी फोन. गणपती आणि दिवाळीआधी घरोघरी साफसफाई आणि रंगकाम निघतं, तेव्हा हीच सूचना पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवा.

४. प्रत्येक टँकची वही ठेवा. तारीख, क्षारता, तापमान, अमोनिया, काय घातलं, काय पडलं. क्षारता ३५ पीपीटीच्या आसपास आणि भरायच्या आरओ-डीआय पाण्याचा टीडीएस शून्य, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा.

५. सोबत काम करणाऱ्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांची पाच कामं तोंडपाठ करायला सांगा. तुम्ही साइटवर नसाल तेव्हा तोच तिथे असणार आहे.

एवढं केलंत तर टँकमध्ये काहीही पडलं तरी तुमची धावपळ होईल, पण धांदल होणार नाही. पुढच्या धड्यात सायकल पूर्ण होईपर्यंतच्या आठवड्यांत ग्राहकाला धीर कसा द्यायचा आणि त्या काळाचं बिल कसं लावायचं ते पाहू. तोपर्यंत कोटेशनचं कलम लिहून ठेवा!